ताशी ८३ रुपये ३३ पैसे

कळव्यातलं आमचं नर्सिंग होम माझ्या घरापासून सात मिनिटांवर. वाटेत भाजीवाली भेटली तर अकरा. चौदा वर्षं मी ही सात मिनिटं चालत होते आणि चालण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार पगाराबद्दल होती. तो एका जागी बसूनच होता.

अशात नवी मुंबईतल्या खारघरच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून आयसीयूत सिस्टर म्हणून विचारणा झाली. पगार महिना नऊ हजारांनी जास्त, नाइटचा भत्ता वेगळा आणि आठवड्याचा ऑफ चक्क कागदावर लिहिलेला. आमच्याकडे ऑफ म्हणजे डॉक्टरांच्या मेव्हण्याचं लग्न असल्यासारखा, ठरला ठरला म्हणेपर्यंत मोडायचा. सगळं कसं छान जुळत होतं. फक्त खारघर खारघरात होतं.

नकाशात बघावं तर कळवा आणि नवी मुंबई एकमेकांना खेटून बसलेत. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून पलीकडे गेलं की दिघाच. पण लोकलनं जायचं तर आधी उलटं ठाण्याला जायचं, जिना चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर यायचं आणि तिथून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स हार्बर धरायची. ही लाइन २००४ साली सुरू झाली, पण कळवा तिच्यावर नाही. कळवा-ऐरोली उन्नत मार्ग मंजूर आहे, त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं. आमच्याकडचं टोक तेवढं यायचंय. पोराला शाळेत ‘द्राविडी प्राणायाम’ कळत नव्हता, त्याला मी हा रस्ता कागदावर काढून दाखवला. परत विचारलं नाही त्यानं.

नवऱ्याचं ऑफिस इथेच ठाण्यात, वागळे इस्टेटला. त्यामुळे लांबच्या प्रवासावर बोलायचा हक्क घरात त्यालाच. त्यानं एक्सेल उघडलं. दारापासून दारापर्यंत दीड तास, येऊन-जाऊन तीन, महिन्याचे सव्वीस दिवस, एकूण ७८ तास. वाढीव नऊ हजारांतून पास, शेअर रिक्षा, बाहेरचा चहा आणि “अकस्मात” असे अडीच हजार वजा. राहिले साडेसहा.

“म्हणजे प्रवासाचे तुला ताशी ८३ रुपये ३३ पैसे पडतात,” तो म्हणाला. ते ३३ पैसेही त्यानं पिवळे करून ठेवले होते.

सासूबाई मेथी निवडत होत्या. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,” त्या मेथीला म्हणाल्या.

“आई, पळत्याच्या पाठी नाही, पळत्यात बसून जायचंय.”

“बसून?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, एकदा रंगीत तालीम करू. पहिल्यांदा रविवारी गेले, कारण ऑफ त्या दिवशी होता. ठाण्याचा जिना चढून दहा नंबरला पोचते तर ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक. फलाटावर मी आणि एक कुत्रं. रविवारी कुणाला कुठे जायचं नसतं, असा एकूण समज आहे. हार्ट अटॅकला मात्र हे अजून कुणी कळवलेलं नाही. ऑफिसवाल्यांचा रविवार जातो कपडे धुण्यात, त्यांना ब्लॉक पेपरात वाचायला मिळतो. तो अंगावर घेतो तो आम्ही सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी. २०२४ च्या मेअखेरीस ठाण्याचा फलाट रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक झाला, तेव्हा आमच्या नर्सिंग होममध्ये मी आणि मावशी दोघीच उगवलो होतो, कारण चालत येणाऱ्या आम्ही दोघीच. त्या दिवशी डॉक्टरांनी मला “कणा” म्हटलं होतं. पगारात मणकाही वाढला नाही.

दुसरी तालीम मंगळवारी, खऱ्या वेळेला. सकाळी सहा-सव्वासहाची धीमी लोकल. डोंबिवली, दिवा, मुंब्रा करत कळव्यात येते ती भरूनच येते, आणि मला जायचं एकच स्टेशन. आत शिरताच आवाज आला, “ठाणा ना? मग आत कशाला घुसता? दारात राहा.” दारात राहिले तर दुसरी म्हणाली, “दारात कशाला उभ्या राहता, आत जा ना.” या चर्चेचा निकाल लागायच्या आत ठाणं आलं आणि मी उतरले. म्हणजे उतरवली गेले. डबा एका हातात, चप्पल एका पायात.

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती आमच्या ठाण्यालाच आली. चौदा डबे आणि चारशे पाहुणे. डब्याला एकोणतीसही नाहीत. एवढ्या बायका तर त्या मंगळवारी माझ्या ओढणीवरच उभ्या होत्या.

ट्रान्स हार्बरला मात्र दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली असं करत आयटीवाल्या पोरी उतरत जातात आणि श्वास घ्यायला जागा होते. ऐरोलीला मला चौथी सीट मिळाली. ही सीट म्हणजे तिघींच्या बाकड्यावर चौथीनं एका कुल्ल्यावर बसण्याची सोय, दुसरा अधांतरी. तेवढ्यात समोरच्या काकू “चक्कर येतेय” म्हणाल्या. चौदा वर्षांची सवय, हात आपोआप त्यांच्या मनगटावर गेला. सकाळपासून काही खाल्लंय का, साखरेची गोळी घेतलीत का, विचारलं. गोळी घेतलेली, खाल्लं काहीच नव्हतं. कुणाकडून पारले-जी मागून खायला घातलं, काकू घणसोलीपर्यंत ताळ्यावर आल्या. इथपर्यंत ठीक होतं. पण मी सिस्टर आहे हे डब्याला कळलं. कोपरखैरण्यापर्यंत एकीनं थायरॉइडचा रिपोर्ट मोबाइलवर उघडला, दुसरीनं सासऱ्यांची बीपीची गोळी सकाळी द्यायची का रात्री ते विचारलं. “डॉक्टरांना विचारा” हे उत्तर मी तुर्भे ते नेरूळ सहा वेळा दिलं. “डॉक्टर कुठे बोलतात हो,” एक म्हणाली, “तुम्ही निदान खारघरपर्यंत आहात.”

हॉस्पिटलच्या गेटवर चहाच्या टपरीशी नाइट करून आलेली एक सिस्टर भेटली. मेट्रनच्या, म्हणजे मुख्य सिस्टरच्या, भेटीची वाट बघता बघता साडेनऊ वाजले होते. आठला सुटणारी बाई अजून इथे कशी? “माझ्या जागी येणारी रिलिव्हर उरणवरून येते, तिची गाडी चुकली,” ती शांतपणे म्हणाली. “व्हेंटिलेटरचा पेशंट टाकून निघणार कशी? हँडओव्हर दिल्याशिवाय सुटका नाही.” तिला थांबावं लागलं म्हणून तिची गाडी गेली, घरी जायला उशीर, मग मुलाला शाळेत सोडणाऱ्या नवऱ्याला उशीर. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये माझ्या गाडीचा रकाना होता. दुसरीच्या गाडीचा नव्हता.

मेट्रननी विचारलं, “कुठून येणार?”

“कळव्याहून, मॅडम.” मी चेहरा शक्य तितका केविलवाणा केला. म्हटलं, बघू, जनरल शिफ्ट तरी मिळते का.

“जवळच आहे की. मी बदलापूरहून येते.”

विषय संपला. जाता जाता मात्र त्यांनी एक सल्ला दिला. “नाइट करून परत जाताना गाडीत झोपू नका. ठाण्याला ती उलटी फिरते, तुमच्यासाठी थांबत नाही.”

निर्णय माझ्याकडून व्हायचा नव्हताच, तो नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी केला. मी राजीनाम्याची गोष्ट काढताच ते गहिवरले. “सिस्टर, तुम्ही तर आपल्या घरच्याच,” म्हणाले आणि पाचशे रुपये वाढवले. घरच्या बाईला किती देतात हे मला घरी राहून चांगलंच ठाऊक होतं. एक तारखेला खारघरला रुजू झाले.

पहिल्या आठवड्यात मॉर्निंग, दुसऱ्यात नाइट. नाइट त्यातल्या त्यात बरी. संध्याकाळी नवी मुंबई घरी परतत असते तेव्हा आपण उलटे जातो. पहिल्या नाइटला तीन ॲडमिशन, एक व्हेंटिलेटर आणि पहाटे चारला फाइलींचा ढीग. सकाळी हँडओव्हर देऊन खारघरला गाडीत चढले. घणसोलीला गर्दी ओसरली आणि चक्क खिडकी मिळाली. डोकं गजाला टेकवलं. मेट्रन आठवत होत्या, पण डोळ्यांना नाही.

मधे केव्हातरी मोठा गलका झाला, कुणाची तरी बॅग डोक्याला लागली. कुठल्याही बेडचा अलार्म वाजत नाहीये एवढी खात्री करून मी परत डोळे मिटले. मग कानावर आलं, “पुढील स्टेशन, दिघा गाव.” जीव भांड्यात पडला. म्हणजे आता ठाणंच. नवऱ्याला मेसेज टाकला, “अहो, पोचतेच, चहा टाका.” डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, केस सारखे केले, बायकांना “ठाणा, ठाणा” करत दारापर्यंत आले. त्या माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत होत्या. दिघा आलं आणि गेलं. दांडा घट्ट धरून मी उतरायच्या तयारीत उभी राहिले.

“पुढील स्टेशन,” डबा म्हणाला, “ऐरोली.”