डांबरगोळ्या हा ‘घरगुती उपाय’ नाही, ते विष आहे

‘भटक्या मांजरांपासून कायमची सुटका’ हा पाच कलमी मेसेज फिरत फिरत माझ्या वहिनीपर्यंत पोचला. तिला पाचवा महिना आहे. ‘आवारात मांजर असलं तरी पोटातल्या बाळाला धोका’ हे पहिलंच वाक्य वाचून तिची झोप उडाली, आणि जिन्याखाली व्यालेल्या भाटीला पिल्लांसकट हाकला म्हणून सगळे मागे लागले.

या भीतीमागचा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी खरा आहे आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण होणं वाईटच. पण मांजर नुसतं आसपास असल्यानं ती लागण होत नाही. लागण झालेलं मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून तो बाहेर टाकतं. ती विष्ठा घातक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, आणि मग ती कशी ना कशी तोंडात जावी लागते. अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांची काळजी आधी घ्या. मांजराची घाण गरोदर बाईनं काढू नये. विषय संपला.

‘डांबरगोळ्या पसरा, फिनेल ओता, कुणाला अपाय नाही.’ हे वाचून मात्र डोकं फिरलं. फिनेलमधली फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. मांजरानं फिनेल पिण्याचीही गरज नाही. ते ओल्या फरशीवरून चालतं, कोपऱ्यात बसतं आणि पंजे चाटून साफ करतं. तेवढ्यानं तोंड भाजतं, लाळ गळायला लागते. डांबरगोळीतल्या नॅफ्थलिननं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराच्याच नाही, माणसाच्याही. रांगतं मूल जमिनीवरची पांढरी गोळी उचलून थेट तोंडात घालतं. बाळाच्या काळजीचा आव आणणारा मेसेज बाळाच्या हाताला लागेल असं विष पसरायला सांगतो!

‘गोणीत भरून लांब सोडा.’ भाटी गोणीत गेली आणि पिल्लं मागे राहिली, तर ती भुकेनं तडफडून मरतात. शिवाय उघडा कचरा आणि आडोसा जागच्या जागीच, म्हणजे तिथे दुसरी मांजरं येणारच.

‘नसबंदी म्हणजे क्रौर्य.’ मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असताना पुन्हा गाभण राहते. क्रौर्य कशात आहे ते तुम्हीच ठरवा. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात १९९१पासून अकरा वर्षं मांजरं पकडून, नसबंदी करून परत सोडली गेली. त्याचा अभ्यास २००३मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. एकूण १५५ मांजरांपैकी शेवटी उरली २३, आणि १९९५नंतर तिथे एकही पिल्लू दिसलं नाही. जवळजवळ निम्म्या मांजरांना घरं मिळाली होती, हेही सांगायला हवं. नुसत्या शस्त्रक्रियेची ती किमया नव्हती.

उरलं ‘खायला घालणाऱ्यांमुळेच मांजरं वाढतात’. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करते. नसबंदीचं नाव न काढता वाटेल तिथे खाणं टाकत राहिलं, की पिल्लं वाढतातच. पण मांजर पकडायलाही तीच माणसं लागतात. ठरावीक जागी, ठरावीक वेळी खायला येणाऱ्या मांजरापुढे पिंजरा लावता येतो. वहिनीच्या जिन्याखालची पिल्लं आठ आठवड्यांची झाली की भाटीला तसंच पकडून नसबंदीला न्यायचं आहे. भुलीत असतानाच नसबंदीची खूण म्हणून तिच्या कानाचं टोक कापतील, म्हणजे पुढे कुणी तिला चुकून दुसऱ्यांदा टेबलावर घेणार नाही.