डोनेल्सनच्या तोफा हरल्या नव्हत्या

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल एक मजकूर वरचेवर फिरत असतो. फेब्रुवारी 1862 मध्ये उत्तरेच्या चिलखती गनबोटींनी (तोफा बसवलेल्या बोटींनी) दक्षिणेचे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दोन किल्ले दहा दिवसांत घेतले, वाफेच्या बोटींपुढे किल्ल्यांच्या तोफा निकामी ठरल्या, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्यामुळे डोनेल्सनच्या गोलंदाजांवर अन्याय होतो.

हेन्री बोटींनी घेतला, हे खरं. पण तो टेनेसी नदीच्या अगदी सखल काठावर बांधलेला होता. 6 फेब्रुवारीला पुराचं पाणी किल्ल्यात शिरलं होतं आणि काही तोफा पाण्यात गेल्या होत्या. किल्ल्याचा सेनापती टिलमन याने बहुतेक शिबंदी आधीच डोनेल्सनकडे रवाना केली होती. मागे शंभरही गोलंदाज उरले नव्हते. त्यातच लढाईच्या ऐन भरात एक 24 पौंडी तोफ (हे नाव गोळ्याच्या वजनावरून) स्वतःच फुटली. एवढं होऊनही त्यांच्या एका गोळ्याने 'एसेक्स' बोटीचा बॉयलर फोडला आणि आतली माणसं वाफेने होरपळली. शरणागती घ्यायला आलेली होडी वल्हवत थेट दरवाजातून आत गेली. अशा किल्ल्यावरून तोफांची पारख कशी करणार?

खरी परीक्षा झाली ती 14 फेब्रुवारीला, कंबरलँड नदीवर. डोनेल्सनची जागा उंच कड्यावर. नदीवर रोखलेल्या बारा तोफा मातीच्या जाड मोर्चांआड होत्या: एक 10 इंची कोलंबियाड ही अवजड तोफ, एक रायफल्ड (नळीत पेचदार खाचा असलेली) तोफ आणि बाकीच्या बहुतेक 32 पौंडी. उत्तरेच्या नौदलाचा अधिकारी फूट सहा गनबोटी घेऊन आला, त्यांतल्या चार चिलखती. हेन्रीला जमलं तेच इथे जमेल या भरवशावर तो पार 400 यार्डांवर येऊन भिडला. इतक्या जवळून बोटींचे बरेच गोळे मोर्चांच्या डोक्यावरून निघून गेले, तर वरून खाली येणारे किल्ल्याचे गोळे बोटींच्या माथ्यावर बसू लागले. 'सेंट लुई'ला 59 गोळे लागले, सुकाणूची खोली उडाली, स्वतः फूट जखमी झाला. 'लुईव्हिल'ची सुकाणू वळवायची यंत्रणाच तुटली. दोन्ही बोटी प्रवाहाबरोबर मागे वाहत गेल्या. दीड तासात अकरा खलाशी मेले. मोर्चांवर त्या दिवशी एकही माणूस पडला नाही. (तिथल्या गोलंदाजांचा कॅप्टन डिक्सन आदल्या दिवशी फूटच्याच 'कॅरोंडेलेट' बोटीच्या माऱ्यात मारला गेला होता. त्याच्यामागे त्याच्या माणसांनी हे करून दाखवलं, याचं मला फार मोल वाटतं.)

"पण किल्ला शेवटी पडलाच ना?" पडला, पण जमिनीच्या बाजूने, जिथे उत्तरेचा सेनापती ग्रँट फौजेसह वेढा घालून होता. नदीवर रोखलेल्या तोफा मागच्या खंदकांचं रक्षण करू शकत नव्हत्या. ते काम पायदळाचं होतं. 15 तारखेला सकाळी दक्षिणेच्या फौजेने वेढा फोडून नॅशव्हिलची वाट मोकळीही केली होती. तेव्हा ग्रँट रणांगणावर नव्हता. तो जखमी फूटला भेटायला त्याच्या बोटीवर गेला होता, म्हणजे आदल्या दिवशीच्या तोफांनीच त्याला तिकडे नेलं होतं. आणि नेमक्या याच क्षणी दक्षिणेचा सेनापती पिलो याने आपली माणसं परत खंदकात बोलावली! दुपारी ग्रँटच्या हाताखालच्या सी. एफ. स्मिथच्या तुकड्यांनी बाहेरची एक फळी घेतली. रात्री किल्ल्याचा मुख्य सेनापती फ्लॉइड याने अधिकार पिलोकडे दिले, पिलोने तिसरा सेनापती बकनरकडे, आणि पहिले दोघे निसटले. दक्षिणेचाच फॉरेस्ट आपलं घोडदळ घेऊन बाहेर पडला. 16 ला बकनरने बारा हजारांहून अधिक माणसांसह शरणागती पत्करली.

किल्ल्यांच्या तोफांचं महत्त्व संपलं असतं, तर ते सर्वांत आधी फूटला कळलं असतं. पण पुढे मिसिसिपीवरच्या 'आयलंड नंबर 10' या दक्षिणेच्या तटबंदीच्या बेटासमोर त्याने बोटी जवळ नेल्याच नाहीत. आठवड्यांमागून आठवडे लांबूनच मारा चालू ठेवला, आणि 4 एप्रिलला 'कॅरोंडेलेट' तिथून पुढे सरकली ती रात्रीच्या काळोखात, वादळाच्या आडोशाने.