‘पंधरा ग्रॅमला फाशी’ची भुरळ

एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पावडरीचा, मोठा साठा पकडल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आशय तोच: “सिंगापूरमध्ये १५ ग्रॅम हेरॉइनला फाशी आहे, म्हणून तिथे ड्रग्ज नाहीत. आपला कायदा मऊ. आज पकडतात, परवा जामीन, तेरवा पुन्हा धंदा सुरू. विकणाऱ्याला वीस वर्षं आत टाका, दुसऱ्यांदा सापडला तर लटकवा. बडे मासे सुतासारखे सरळ होतील. याला विरोध करणारे सगळे ड्रग्जवाल्यांचे वकील.”

संताप खरा आहे. घरातलं पोरगं पावडरीच्या नादाला लागलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना शांतपणे बोला म्हणण्यात अर्थ नाही. पण मजकूर वाचताना सारखं वाटत राहतं की लिहिणाऱ्याने आपला कायदा एकदाही उघडून पाहिलेला नाही.

“आपला कायदा मऊ.” १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा हा आपल्याकडच्या सर्वांत कडक फौजदारी कायद्यांपैकी एक आहे. २० किलो गांजा, २५० ग्रॅम हेरॉइन, ५० ग्रॅम एमडी या ‘व्यापारी’ मात्रा. तिथून पुढे किमान १० आणि कमाल २० वर्षं सक्तमजुरी, वर किमान १ लाख रुपये दंड. म्हणजे मजकूर मागतोय ती वीस वर्षं कायद्यात आहेतच. दहा वर्षांच्या खाली न्यायाधीशाला येताच येत नाही. किमान शिक्षेच्या वर जायचं असेल तर कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या, याची यादी कायद्यात दिलेली आहे. खाली येण्यासाठी तशी यादी नाही, कारण खाली येण्याची मुभाच नाही. शेजारी ठेवून बघायचं तर सदोष मनुष्यवधाचा सौम्य प्रकार बघा. मृत्यू घडवण्याचा हेतू नव्हता पण आपल्या कृत्याने तो घडू शकतो हे माहीत होतं, अशा गुन्ह्याला कमाल शिक्षा १० वर्षं आहे. एका माणसाचा जीव जाऊनही जी वरची मर्यादा, ती वीस किलो गांज्याच्या पोत्याला खालची.

आणि दुसऱ्या गुन्ह्याला फाशी? तीही करून झाली. १९८९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने मोठ्या साठ्यासह दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला फाशी सक्तीची केली होती. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये चरसच्या एका प्रकरणात ती सुनावलीसुद्धा. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा तसा बदलला. फाशी आजही पुस्तकात आहे, फक्त सक्तीची नाही. या कायद्याखाली प्रत्यक्षात कुणालाही फासावर चढवलेलं नाही. सक्तीची फाशी वीसेक वर्षं कायद्यात होती. त्या काळात मुंबईच्या पुलांखालचे गर्दुल्ले कमी झाल्याचं कुणाला आठवत असेल तर जरूर सांगावं.

“परवा जामीन.” खिशात एखादी पुडी सापडली तर बहुधा होतो, हे खरं. पण मजकुराचा रोख पुडीवाल्यावर नाही, धंदा करणाऱ्यावर आहे, आणि तिथे कलम ३७ आडवं येतं. व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यात आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि तो बाहेर जाऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्हींची खात्री न्यायाधीशाला पटावी लागते. खटला सुरू व्हायच्या आधी! एका आरोपीचं प्रकरण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा तो खटल्याची वाट बघत १२ वर्षं तुरुंगात होता. २०२३ मध्ये गांज्याच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सात वर्षांहून जास्त काळ कच्चा कैदी राहिलेल्या तरुणाला जामीन दिला आणि खटला असा रेंगाळणार असेल तर कलम ३७ हे जामिनाच्या वाटेतलं कायमचं कुलूप ठरू शकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता. त्याच्या उलट टोकाला २०२१ चं मुंबईचं क्रूझ जहाजावरच्या छाप्याचं प्रकरण. अभिनेता शाहरुख खानच्या ज्या मुलावर महिनाभर वाहिन्या तुटून पडल्या होत्या, त्याच्याजवळ काहीही सापडलेलं नव्हतं. देशातले नामांकित वकील दिमतीला असूनही त्याला कोठडीतून सुटायला जवळपास चार आठवडे लागले. पुढच्या मे महिन्यात त्याला पकडणाऱ्याच यंत्रणेने पुरावा नाही म्हणून त्याला आरोपपत्रातून वगळलं. वकिलाची फी ज्याला परवडत नाही त्याचं काय होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आता सिंगापूर. तिथे व्यसनाचं प्रमाण कमी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते बेट मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीच्या दुपटीपेक्षाही लहान. एकच पोलिस दल, लाच घेणाऱ्याला जागा जवळपास नाही, आणि पकडलेल्या व्यसनी माणसांना पाठवायला सक्तीची पुनर्वसन केंद्रं, बाहेर आल्यावर नियमित लघवी तपासणी. यातलं बाकी सगळं वगळून मजकूर फक्त दोर उचलतो. शिवाय तोलायला एकच देश का? इराणनेही अमली पदार्थांसाठी शेकड्यांनी माणसं फासावर दिली. अफगाणिस्तानच्या अफूच्या वाटेवरचा तो देश आजही अफूच्या व्यसनाने पोखरलेला आहे. २०१७ मध्ये त्यांच्याच संसदेने फाशीच्या मात्रा वाढवल्या. हेरॉइनसाठी ती ३० ग्रॅमवरून थेट २ किलो झाली. इराण या फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाही.

“बडे मासे सरळ होतील.” खरी मेख इथे आहे.

आपला कायदा माणूस तोलत नाही, माल तोलतो. त्या टोळीत तुमचं स्थान काय, यावर शिक्षेची पायरी सहसा ठरत नाही. पंचनाम्यात वजनकाट्याने काय दाखवलं यावर ठरते. आणि साखळीत माल कुणाच्या अंगावर असतो? ट्रकच्या ड्रायव्हरच्या, एसटीतून पिशवी घेऊन जाणाऱ्या बाईच्या. मालक कधीच मालाजवळ झोपत नाही.

त्यातही वजन कशाचं, हा घोळ मोठा आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मिश्रणातलं शुद्ध अमली द्रव्य तेवढंच मोजायचं. सरकारने २००९ मध्ये अधिसूचना काढून अख्खं मिश्रण मोजायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते उचलून धरत जुना निकाल रद्द केला. परिणाम बघा. एकाकडे २४० ग्रॅम जवळपास शुद्ध हेरॉइन आहे. हा घाऊक व्यापारी, कारण किरकोळीत इतका शुद्ध माल फिरतच नाही. दुसऱ्याकडे २६० ग्रॅम गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, त्यात हेरॉइन जेमतेम पाच-सहा ग्रॅम, उरलेली भेसळ. पहिला २५० च्या आत म्हणून त्याला किमान शिक्षा नाही आणि कलम ३७ चा जाचही नाही. दुसऱ्याला किमान दहा वर्षं. माल जसजसा खाली उतरतो तसतशी भेसळ वाढते आणि वजन फुगतं, म्हणजे साखळीच्या तळाशी असलेल्याच्या अंगावर कायदा जास्त जोरात आदळतो.

अमेरिका या वाटेने जाऊन परत वळली. तिथल्या १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढायचा प्रकार) जी पाच वर्षांची किमान शिक्षा होती, ती पावडर कोकेनला ५०० ग्रॅमवर लागायची. तस्करांच्या म्होरक्यांसाठी म्हणून आणलेल्या या नियमात गल्लीतली काळी पोरं हजारोंनी अडकली. २०१० मध्ये हे शंभरास एकचं प्रमाण अठरास एकवर आणावं लागलं.

आपल्याकडचं उदाहरण तर पुण्यातलंच आहे. एमडी २०१५ मध्ये या कायद्याच्या यादीत आलं, त्याआधी ते बाळगणाऱ्यावर पोलिसांना हातही टाकता येत नव्हता. ते यादीत येणं गरजेचंच होतं. पण पुढे काय झालं? २०२३ मध्ये ससून रुग्णालयात पोलिस पहाऱ्यात दाखल असलेला एमडीचा आरोपी तिथूनच जाळं चालवत असल्याचं उघड झालं. २ ऑक्टोबरला तो पळालाही. त्याच जाळ्याचा नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना सापडला. पुढच्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलो एमडी सापडलं. वीस वर्षांची शिक्षा या सगळ्या काळात कायद्यात होतीच. कायदा नसता तर यापेक्षा वाईट झालं असतं असं कुणी म्हणेल, आणि तो म्हणणारा बरोबरही असेल. पण तो बंदीच्या बाजूचा मुद्दा झाला, शिक्षा दहाची वीस किंवा वीसची फाशी करण्याच्या बाजूचा नाही. ससूनमध्ये कमी पडली ती शिक्षा नव्हे, पहारा. त्या पहाऱ्यावरचे पोलिस निलंबित झाले, ही त्या प्रकरणातली सर्वांत बोलकी ओळ.

कडक शिक्षेचा आणखी एक उलटा परिणाम होतो, आणि तो कोर्टात वावरणाऱ्या कुठल्याही वकिलाला ठाऊक असतो. शिक्षा जितकी जबर, तितका पुरावा काटेकोर हवा, अशी न्यायालयांची भूमिका आहे, आणि ती रास्तच आहे. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला का, नमुने दंडाधिकाऱ्यापुढे काढले का, मुद्देमालाचं सील शाबूत होतं का. यातलं काही हुकलं की खटला कोसळू शकतो. त्या फटी शोधणारा वकील ज्याला परवडतो तो सुटतो. सेवनाच्या किरकोळ गुन्ह्यातला पोरगा गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि दोषी ठरलेल्यांचा आकडा वाढवतो.

राहता राहिले “ड्रग्जवाल्यांचे वकील”. कुरकुंभसारखा कारखाना काढणाऱ्याला लांब शिक्षा व्हावी, यात माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती त्याला आणि त्याच्या टेम्पोचालकाला एकाच पायरीवर उभं करण्याला, आणि त्यांच्यात फरक करायचा अधिकार न्यायाधीशाकडून काढून घेण्याला.

मजकुरात ‘विकणारा’ आणि ‘पिणारा’ ही दोन वेगळी माणसं आहेत. गर्दच्या दुनियेत ती बहुतेकदा एकच असतात. स्वतःच्या दोन पुड्या सुटाव्यात म्हणून माणूस चार विकतो. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये, म्हणजे हा कायदा आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते अशाच माणसांसाठी. कायद्यालाही हे अगदीच माहीत नाही असं नाही. कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावरचा खटला थांबू शकतो. मात्र अट अशी, की गुन्हा सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा हवा. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, आणि मोजायचं भेसळीसकट. म्हणजे खिशात सहा ग्रॅम गर्द असेल, त्यात हेरॉइन चिमूटभरही नसेल, तरी त्या माणसाला हे कलम लागत नाही.