कॉपीकोड निरुपद्रवी होता म्हणे!

ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या माझ्या भाच्याने काल एक फिरता मेसेज पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मामा, कंपन्यांचं बरोबरच होतं की!’ मेसेजचं म्हणणं असं: घरगुती टेपिंगने संगीताचा धंदा बुडाला, डॅट (डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे छोट्या कॅसेटवर डिजिटल ध्वनिमुद्रण) आलं तेव्हा अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी फक्त ‘कानाला न कळणारी एक खूण’ मागितली होती, डॅट लोकांनीच नाकारलं, आणि घरी कॉपी करणं कायद्याने चोरीच आहे. हे सगळं ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या मुलाला पटावं, याचा मला संताप आला.

आधी ती ‘खूण’. तिचं नाव कॉपीकोड, कल्पना सीबीएस या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीची. तिच्यात गाण्याला काही जोडायचं नव्हतं, गाण्यातून काढायचं होतं. ३८४० हर्ट्‌झच्या आसपासची अरुंद पट्टी मूळ ध्वनिमुद्रणातूनच कापायची. रेकॉर्डरमधल्या चिपला ती जागा रिकामी सापडली की रेकॉर्डिंग बंद. म्हणजे रीतसर पैसे मोजणाऱ्याच्या हाती कापलेलं गाणं! आणि जागा कोणती निवडली? पियानोचा सर्वांत वरचा सूर ४१८६ हर्ट्‌झचा, ही पट्टी त्याच्या जेमतेम खाली. २ ते ५ हजार हर्ट्‌झ या टापूत आपला कान सर्वांत तिखट असतो. अरे, तू हम (विजेची घूंऽऽ) काढायला नॉच (अरुंद पट्टी कापणारा फिल्टर) लावतोस, गाणं काढायला नाही!

अमेरिकी संसदेच्या समित्यांच्या सांगण्यावरून नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स या तिथल्या सरकारी मानक संस्थेने याची रीतसर चाचणी घेतली. मार्च १९८८ मध्ये निकाल आला: आवाज बिघडतो, काही उताऱ्यांत ऐकणाऱ्यांना ते कळतं, चिप कधी अडवायचं ते सोडते, कधी सोडायचं ते अडवते, आणि तिला चकवणं सोपं आहे. कॉपीकोड तिथेच संपला. ‘निरुपद्रवी’ म्हणणाऱ्याने निदान हा निकाल तरी बघायचा होता.

धंदा बुडाल्याची ओरड ब्रिटनमध्ये १९८१ पासून चालू होती. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत कंपन्यांनीच गाणी भरून विकलेल्या कॅसेटचा खप एलपीच्या पुढे गेला. घरी टेप करणारे लोक इतरांपेक्षा जास्त संगीत विकत घेतात, असंही अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाला १९८९ मध्ये दिसलं.

लोकांनी डॅट नाकारलं, हे अर्धं खरं. यंत्रं महाग होती, मान्य. डिजिटल कॉपीची कॉपी काढली तरी आवाज उतरत नाही, ही कंपन्यांची भीतीही खोटी नव्हती. पण खटल्यांच्या धाकाने घरगुती डॅट यंत्रं अमेरिकेच्या बाजारात नीट यायला १९९० उजाडलं, ते कुणामुळे? स्टुडिओंनी मात्र डॅट आनंदाने वापरलं.

राहिली चोरी. अमेरिकेच्या १९९२च्या कायद्यात डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या डिजिटल टेपवर ३ टक्के रॉयल्टी बसवली, ती कलाकार, गीतकार-संगीतकार आणि कंपन्यांत वाटायची ठरली. त्याच कायद्याच्या कलम १००८ नुसार, अशा यंत्रांवर धंद्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी संगीत उतरवून घेणाऱ्या ग्राहकावर हक्कभंगाचा दावा लावता येत नाही.