सायनस म्हणजे बुरशी? 96 टक्क्यांच्या फॉरवर्डची उलटतपासणी

पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: 'जुनाट सायनस हा खरं तर बुरशीचा आजार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकला 96 टक्के रुग्णांच्या नाकात बुरशी सापडली. इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाचा कोर्स करा, व्हिनेगरच्या पाण्याने नाक धुवा, त्रास मुळापासून जाईल.'

'96 टक्के रुग्णांत बुरशी सापडली.'
आकडा खरा आहे. 1999 साली मेयो क्लिनिकच्या पोनिकाऊ आणि सहकाऱ्यांनी 210 रुग्णांच्या नाकातला स्राव तपासला; 202 जणांच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, बुरशी उगवली. पण त्याच निबंधात तुलनेसाठी घेतलेले 14 निरोगी लोकही होते, आणि त्या चौदाही जणांच्या नाकात बुरशी निघाली. फॉरवर्डमधून नेमकी हीच ओळ गळते. हवेतले बीजाणू श्वासाबरोबर आत जातात, शेंबडात अडकतात, नाकाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस त्यांना घशाकडे ढकलतात आणि आपण ते गिळतो. निरोगी नाकातही हे रोज चालू असतं. पोनिकाऊंनी संसर्गाचा दावा केलाच नव्हता. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी बुरशीवर नको इतक्या तुटून पडतात आणि त्यातून सूज येते, असा त्यांचा तर्क होता.

'बुरशी मारली की सायनस बरा.'
तो तर्क तपासूनही झाला. 2005 च्या चाचणीत टर्बिनाफिन हे बुरशीनाशक रोज 625 मिलिग्रॅम, सहा आठवडे दिलं. सीटी स्कॅनमध्ये औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा काही फरक दिसला नाही. 2006 मध्ये 116 रुग्णांनी तीन महिने नाक धुतलं, काहींनी अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाने, काहींनी औषधाविना. निकाल सारखाच. म्हणून युरोपच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना नेहमीच्या जुनाट सायनसला बुरशीनाशक देऊ नका असं सांगतात.

शिवाय इट्राकोनॅझोल निरुपद्रवी नाही. यकृताला त्रास होऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा इनहेलर वा स्प्रे चालू असताना ते घेतलं, तर स्टेरॉइडचं यकृतातलं विघटन अडतं. ते रक्तात साचतं, चेहरा सुजतो, साखर चढते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं जमत नाही.

'माझ्या रिपोर्टमध्येच फंगस लिहिलंय.'
कुठल्या रिपोर्टमध्ये? नुसत्या स्वॅबचं कल्चर पॉझिटिव्ह येण्याला फारसा अर्थ नाही, कारण वर सांगितलंच. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या पदार्थाचे दोन भाग व्हावे लागतात: एक फॉर्मॅलिनमध्ये, बुरशी ऊतींत घुसली आहे का हे पाहायला, दुसरा सलाइनमध्ये, कल्चरसाठी. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, म्हणून सगळंच त्यात गेलं की कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि रिपोर्ट फुकट जातो.

बुरशीचे खरे आजार आहेतच, पण त्यांचे उपचार एकसारखे नाहीत. बुरशीचा गोळा बहुधा गालाच्या एकाच सायनसमध्ये असतो. दुर्बिणीने काढला की सहसा गोळ्या लागत नाहीत. अ‍ॅलर्जिक फंगल सायनुसायटिसमध्ये पॉलिप, म्हणजे अस्तराला आलेले मऊ कोंब, असतात आणि सायनसमध्ये लुकणासारखा घट्ट, तपकिरी-हिरवट चिकटा भरतो. सीटीवर तो पांढुरका, गढूळ दिसतो. एमआरआयच्या टी-2 चित्रात मात्र इतका काळा, की भरलेला सायनस रिकामा वाटावा. इथे ऑपरेशन आणि त्यानंतर स्टेरॉइड हा मुख्य उपचार.

म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', मात्र वेगळंच प्रकरण. 2021 च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने ते पुरेसं पाहिलं. मधुमेह ताब्यात नसेल किंवा प्रतिकारशक्ती खालावली असेल आणि गाल बधिर होणं, एका बाजूला चेहरा दुखणं, पापणी सुजणं, दोन-दोन दिसणं, टाळूवर काळा डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे शस्त्रक्रिया आणि शिरेतून अ‍ॅम्फोटेरिसिन, दोन्ही तातडीने लागतात.

'व्हिनेगरच्या पाण्याने नाक धुवा.'
नको. आम्लाने अस्तर भाजतं. साधं मिठाचं पाणी पुरतं: 250 मिली पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा अर्धा चमचा, तोही थोडा कमीच, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ बरं. मीठ कमी पडलं की नाक झोंबतं. पाणी आरओचं असलं तरी खळखळून एक मिनिट उकळून कोमट करावं. नळाचं पाणी तसंच वापरू नये, कारण नेग्लेरिया हा दुर्मिळ पण जीवघेणा अमीबा नाकावाटेच मेंदूत शिरतो. बाटली रोज धुऊन वाळवावी.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्टेरॉइडचा स्प्रे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने. नोजल डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मधल्या पडद्याकडे नाही. पडद्यावर रोज मारला की खपली धरते, रक्त येतं, आणि मग लोक 'स्प्रे सोसत नाही' म्हणून आठव्या दिवशी सोडून देतात. गुण यायला काही आठवडे लागतात.