रंकाळ्याचा कट्टा आणि काकाची बारा बोर

काल सांजच्याला रंकाळ्यावर भेळ खाता खाता अमेरिकेतल्या गोळीबाराचा विषय निघाला आणि मग दोन तास कोण उठलंच नाही. आमचा वकील म्हणाला, अरे तिथं माणसांपेक्षा बंदुका जास्त, १०० माणसांमागं १२०, मग दुसरं काय होणार? १७९१ च्या घटनादुरुस्तीनं बंदूक त्यांचा हक्क झाला, आपल्याकडं १९५९ चा आर्म्स ॲक्ट, लायसन सरकारनं दिलं तर दिलं.

नेमबाजीच्या रेंजवर जाणारा दोस्त पेटलाच. म्हणाला, नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ह्याच कोल्हापूरच्या मातीतल्या, २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमधनं नेमबाजीचं ब्राँझ आणलं, मग बंदूकच वाईट असं का बोलताय? खिशातनं छर्‍यांची डबी काढून त्यानं एक छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. शिशाचा, तुरीच्या दाण्याएवढा, मधी कंबर आवळल्यागत. ह्याच्यासाठी श्वास सांभाळायला शिकण्यात दोन वर्षं गेली भावा, म्हणाला. त्याचं खरंच हाय.

मग इथलेच कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरेंचं नाव निघालं. १६ फेब्रुवारी २०१५, सकाळी फिरून घरी येताना गोळ्या झाडल्या, शेजारी त्यांच्या पत्नी उमाताई. सगळेच गप्प झालो. वकीलच म्हणाला, असल्या खुनाला कोण लायसन काढून जातंय काय, गावठी पिस्तूल मिळतंय तोवर कायदा काय कामाचा?

मला हे अर्धंच पटलं. कारण आपण कायम खुनाचंच बोलतो. अमेरिकेत २०२२ मध्ये गोळीनं ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातली २७ हजार आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी स्वतःवरच गोळी झाडली, आणि त्यात कायम तयारी करून बसलेला गुन्हेगार नसतो रे, एखाद्या रात्री खचलेला साधा माणूस असतो, सकाळपर्यंत बंदूक हाताला लागली नसती तर कितीतरी जण वाचले असते. ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरमध्ये ३५ जण मारले गेले तेव्हा सरकारनं कायदा कडक केला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. सगळ्या काय बदमाशांच्या नव्हत्या त्या.

आमच्या काकाचं सांगितलं मग. राधानगरीकडं शेत, डुकरं ऊस लोळवतात म्हणून लायसनची बारा बोरची बंदूक. २०१९ च्या लोकसभेवेळी बांधावरनं भावकीत जुंपली, काका तरातरा घरात गेला, भिंतीवरच्या खुंटीला हात घातला, तर खुंटी मोकळी. आचारसंहितेमुळं बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती, पावती काकूच्या डब्यात. मग काठी उचलली, चुलतभावाचा हात मोडला. वाईटच झालं, पण पुढच्या जत्रंला दोघं एका पंगतीला मटण खायला बसले, मी स्वतः वाढलंय.

वकील म्हणाला, हा योगायोग. मी म्हटलं, अरे योगायोग कसला, नियम होता म्हणून खुंटी मोकळी होती!

रेंजवाला बराच वेळ गप्प होता, मग छर्रा परत डबीत टाकून एवढंच म्हणाला, काकाला सांग, घरात ठेवायचीच तर कुलपात ठेव, काडतुसं वेगळी. काकाचं लायसन रिन्यूला आलंय. अर्ज अजून भरलेला नाही, आणि डुकरं रोज येतात.