कविता आमची, गारा त्यांच्या

चौथीच्या पोरांना ‘साहित्यप्रकार ओळखा’ हा प्रश्न घालणं मला आता पटेनासं झालंय. यमक दिसलं की कविता, ‘प्रिय’ दिसलं की पत्र. पोरं बरोबर ओळखतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. (इतकी वर्षं मीही हेच करून घेतलं, बोलणार कुणाला?)

यंदा माझा नाशिकचा वर्ग आणि निफाड तालुक्यात शिकवणाऱ्या माझ्या डीएडच्या मैत्रिणीचा वर्ग, दोघांनी मिळून एकाच गूगल डॉक्सवर लिहिलं. विषय पाऊस. पोरांची स्वतःची खाती नाहीत, म्हणून लिंक सगळ्यांसाठी उघडी ठेवली. मग वरच्या कोपऱ्यात नावांऐवजी प्राण्यांची चित्रं येतात. पहिला तास ‘बाई, मी कोण?’ यातच गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सगळं सिलेक्ट करून पुसलं. हिस्टरीतून परत आणलं, तेव्हापासून वर्गात माझा भाव वधारलाय. पाच पोरांत एक फोन होता, आणि ते बरंच झालं. टाइप करण्याआधी भांडावं लागतं.

तर माझ्या पोरांनी कविता केली. गारा म्हणजे मोती, आभाळाने उधळले, वगैरे. दुसऱ्या दिवशी निफाडहून बाजूला कमेंट आलेली: ‘गारा पडल्या की द्राक्षाचे मणी फुटतात. पप्पा जेवले नव्हते.’ 2023 च्या नोव्हेंबरातली गारपीट त्या पोरांच्या डोक्यातून गेलेली नाही. माझ्या वर्गात कुणाचीच द्राक्षबाग नाही. ही कमेंट आमच्या चार भिंतींत कधीच आली नसती.

एक जण म्हणाला, ‘हे कवितेत बसत नाही, बातमी करू.’ केली. त्यावर एक मुलगी: ‘बातमीत पप्पा जेवले नाहीत असं कुठे लिहितात?’ मी गप्प बसले. व्याख्या सांगून हा प्रश्न मला वर्गातून कधीच काढता आला नव्हता.

मधे एका रात्री कुण्या पालकाने ‘बळीराजाचे अश्रू’ वगैरे घालून मजकूर सजवला. पोरांनी सकाळी ओळखलं, ‘हे आपलं नाही’, आणि उडवलं. पालकांनो, हात जोडते, राहू द्या हो त्यांचं त्यांना.

शेवटी मी नाट्यछटा सांगितली. 1911 च्या सुमारास दिवाकरांनी मराठीत रुजवलेला प्रकार: बोलणारा एकच, समोरच्याचं आपल्याला ऐकू येत नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे फोनवर बोलतात तसं!’ मला इतकी वर्षं ही उपमा सुचली नाही.

मग दोन्ही वर्गांनी मिळून लिहिली. पप्पा बागेच्या औषधाच्या दुकानदाराला फोन करतायत, उधारी जरा थांबवा म्हणून. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, तीच सादर करायची ठरली. ते तर कविता, नाटक, कथा, कादंबरी सगळीकडे वावरले. आपण मात्र त्या दिवशी नुसत्या कविता पाठ म्हणवून घेतो.

शेवटावर अडलं. दुकानदाराने फोन ठेवला हे बघणाऱ्याला कळणार कसं? माझी पोरं ‘टूं टूं आवाज लावू’वर अडून बसली. तेवढ्यात स्क्रीनवर निफाडचा कर्सर हलला आणि एक ओळ उमटली: ‘पप्पा दोनदा हॅलो म्हणतात.’